हलकेच ठेवलेली रॅम

संगणक दुरुस्तीच्या रांगेत एका तरुणीच्या पुढे एक वयस्क जोडपं उभं होतं. काउंटरवर त्यांचा उघडा संगणक.

"नवी रॅम यांनीच बसवली आणि पडदा काळा झाला. पक्ष्यांची माझी अकरा वर्षांची टिपणं आहेत आत!"

"अगं, टिपणं डिस्कवर असतात."

"मग दाखवा की!"

"काका, रॅमची पट्टी नीट दाबली होती का?" मेकॅनिकने विचारलं.

"मोडेल म्हणून हलकेच ठेवली."

"चाळीस वर्षं दारं आपटलीत, आणि इथे हलकेच?"

"तुझी टिपणं होती ना आत."

"खट्ट आवाज येईपर्यंत दाबायची, काका. अशी."

खट्ट. मेकॅनिकने संगणक सुरू केला आणि पडदा उजळला. पक्ष्यांच्या नावांची यादी जशीच्या तशी होती.

"आता बंद करून नव्या रॅमची दुसरी पट्टीही बसवतो."

"थांबा, यांनाच बसवू द्या. अहो, दार आहे असं समजा."