हारातल्या मधल्या खड्याबाबत

पोलीस ठाणे ताश्को, गेरेरो प्रांत. दिनांक ९ मार्च १९७८, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

नाव एलेउतेरियो बाएना साल्गादो, वय ६३ वर्षे, धंदा चांदीकाम, राहणार सान निकोलास गल्ली, ताश्को.

मला समक्ष बोलावून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर राहण्यास असून घराच्या खालच्या खोलीत माझे दुकान आहे. घरी मी व माझी बायको एर्मेलिंदा ओकाम्पो अशी दोघेच राहात होतो. मुलगी अम्पारो इग्वाला येथे शाळेत शिक्षिका आहे. एर्मेलिंदा दिनांक १४ जानेवारी रोजी सकाळी साडेसहा वाजता वारली. तिचे वय ५८ होते.

एर्मेलिंदा खडे घासण्याचे व कोरण्याचे काम करीत असे. आमच्या दागिन्यांवर ठसा माझ्या नावाचा आहे, कोरीव काम सगळे तिचे आहे. तिच्या फुप्फुसात दगडाची भुकटी बसली होती. डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी काम बंद करायला सांगितले. तिने चार वर्षांपूर्वी बंद केले.

तक्रारीतला हार आम्ही १९४९ साली केला. तक्रारदार सेन्योरा कोन्सुएलो आरिस्मेंदी, राहणार क्वेर्नावाका, यांच्या यजमानांनी तो लग्नासाठी करून घेतला होता. हारात चांदीच्या अकरा चकत्या असून त्यांवर पाण्याच्या लाटा आहेत. मधला खडा अस्सल जुन्या जेडचा, कबुतराच्या अंड्याएवढा. तो एर्मेलिंदाच्या मामांना मक्याच्या शेतात नांगरताना सापडला होता. त्यावर तिने पाण्याच्या देवीचा चेहरा कोरला. जुने लोक या देवीचा परकर जेडचा असतो असे सांगत. त्या कामाला चार महिने लागले. तेव्हा अम्पारो पोटात होती. हाराचे सगळे पैसे आम्हाला वेळेवर मिळाले. खड्यावर आमचा काही हक्क राहिलेला नव्हता, हे मला माहीत आहे.

दिनांक ६ डिसेंबर रोजी सेन्योरा स्वतः हार घेऊन दुकानात आल्या. हार अडकवायचा फासा तुटला होता. मी दोन आठवड्यांत देतो म्हणालो. त्यानंतर एर्मेलिंदाचे दुखणे वाढले व काम राहून गेले. ती अंथरुणावर बसूनच झोपत असे, आडवे होता येत नसे. एक दिवस दुपारी मी तो हार तिला दाखवायला वर नेला. तिने खडा बराच वेळ हातात धरला. मग मला म्हणाली, "तेयो, हिचं नाक मी डावीकडे वाकडं केलंय. एकोणतीस वर्षांत तुला कळलं नाही." मी पाहिले. नाक वाकडे होते.

त्याच दिवशी ती असेही म्हणाली की, तिच्या आजीच्या गावी मेलेल्या माणसाच्या तोंडात हिरवा मणी ठेवीत, पलीकडे गेल्यावर तो काळजाच्या जागी चालतो म्हणून. मी म्हणालो, असले काही बोलू नकोस. ती हसली व तिला खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "मला आपला काचेचा दे. मला कुठे कळणार आहे. आणि बाईंचा हार देऊन टाक, किती दिवस झाले." तिने जेड मागितला नव्हता. हे लिहून घ्यावे.

दिनांक १४ जानेवारी रोजी ती गेल्यावर अम्पारो खाली आलेल्या लोकांना कॉफी देत होती. मी वर एकटा होतो. मी हाराचे कोंदण उघडले, खडा काढला, धुतला आणि एर्मेलिंदाच्या जिभेवर ठेवला. मग रुमालाने हनुवटी बांधली. त्या वेळी माझ्या मनात काय होते असे आपण विचारले. एवढेच सांगतो की, घरात काचेचे मणी होते. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिला पुरले. अम्पारोला यातले काही माहीत नाही.

सेन्योरांना निधनाचे कळल्यावर त्यांनी पांढऱ्या फुलांचे चक्र पाठवले व हाराची घाई नाही असे कळवले. त्यानंतर मी संगमरवराचा तुकडा हिरवा रंगवून तिच्याच हत्यारांनी त्यावर चेहरा कोरला. मला कोरता येत नाही, तरी बारा दिवसांत बरा जमला. नाक मात्र मी सरळ केले. वाकडे करायला गेलो तेव्हा हात चालला नाही. दिनांक २ फेब्रुवारी रोजी हार परत दिला.

दिनांक २७ फेब्रुवारी रोजी दुपारी सेन्योरा दुकानात आल्या. त्यांनी हार टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "यजमान गेल्यापासून माझा अंगठा रोज त्या नाकावरून फिरतो. ही ती नाही." मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि खडा कुठे आहे ते सांगितले. मग त्या म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतंत."

मी म्हणालो, "तुम्ही दिला असतात?"

"नसता दिला," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेही त्यांचं तेवढंच उरलंय."

त्या रडत होत्या. मी पाणी दिले, ते त्यांनी घेतले. नंतर त्यांनी तक्रार दिली. त्यांनी तक्रारीत लिहिलेले सगळे खरे आहे. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बदली खडा करून देतो असे मी म्हणालो नाही, कारण तसा कोरणारे माणूस आता नाही.

थडगे उघडण्याचा हुकूम निघणार असल्याचे आपण सांगितले. थडगे जुन्या दफनभूमीत भिंतीकडच्या रांगेत आहे. मी ते दाखवीन. मला जी शिक्षा होईल ती मान्य आहे. माझी एकच विनंती आहे. पेटी उघडल्यावर खडा काढण्याचे काम मला द्यावे. तिच्या तोंडाला दुसऱ्या कोणाचा हात लागू नये. मला बेड्या घालून नेले तरी चालेल, फक्त उजवा हात मोकळा ठेवावा.

चांदीला डाख देऊन देऊन माझी नजर अधू झाली असल्याने हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितला तसाच आहे. एका ठिकाणी "मयताच्या तोंडातील मुद्देमाल" असे लिहिले होते. तेथे तिचे नाव घालावे असे मी सांगितले, त्याप्रमाणे दुरुस्ती करून मग सही केली.

(सही) एलेउतेरियो बाएना साल्गादो