ठिपका कोणाच्या नावावर

...आणि वर म्हणायचं काय, तर ‘एका ओळीचं तर काम आहे!’ अहो, ती ओळ तुम्ही टाइप करून बघा ना एकदा! तुम्हाला सांगतो, इस्पितळात एक्स-रेच्या फायली सांभाळतो मी. प्रत्येक फोटोच्या डोक्यावर एक न दिसणारी चिठ्ठी असते... पेशंटचं नाव, जन्मतारीख, बाई की पुरुष... ती चुकली की काळ्या पडद्यावर मी कमांड ठोकायची, जुनं नाव जातं, नवं बसतं. माउस नाही, ‘नक्की ना?’ असं साधं विचारणंसुद्धा नाही. एंटर दाबलं की खेळ खलास!

तर झालं काय, आईला खोकला, बाबांना खोकला, दोघांच्या छातीचा फोटो आमच्याच इस्पितळात काढायचा ठरला. नंबर आईचा आधी. आई दारातच थिजली. "मी नाही बाई त्या मशीनपुढं उभी राहायची!" झालं, बाबा सरसावले, "थांब, मी पुढं होतो, मग बघ चावतं का!" आणि गेले की आत! टेक्निशियननं आईचं नाव आधीच चढवून ठेवलेलं, त्यानं मान वर करून पाहिलं असेल तर शपथ! "श्वास घ्या... धरा... सोडा. पुढचे!" मग गेली आई... बाबांच्या नावावर!

दुपारी रिपोर्ट. आईच्या फुप्फुसावर ठिपका. धावत जाऊन फोटो उघडला, तर गळ्याजवळच्या हाडाला जुना सांधा! लहानपणी मला सायकलवर पुढं बसवून बाबा पडले होते, मला खरचटलंही नाही, त्यांचं हाड मोडलं. तो सांधा मी कुठंही ओळखेन. म्हणजे ठिपका बाबांचा! आता यात सुटलो म्हणायचं की अडकलो, तुम्हीच सांगा!

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरबाईंना दाखवलं. "बरोबर आहे. नावं अदलाबदल करा, वडिलांना उद्या परत आणा. एका ओळीचं तर काम!"

घरी सांगितलं, तर आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "बदलू नकोस. राहू दे माझ्याच नावावर. त्यांना झेपायचं नाही रे!"

"अगं, नावानं ठिपका तुझ्या छातीत येतो का?"

"तू कॉम्प्युटरवाला ना? मग बघ काहीतरी!"

तिथून सुटतोय, तर गॅलरीत बाबा. "बदललंस का? सकाळी पहिलं ते कर. तिच्या नावावर असलं काही ठेवू नकोस." आणि चेहरा कसा? सुटल्यासारखा! ठिपका स्वतःचा निघाला म्हणून आनंदलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

सकाळी बसलो. डोळ्यांत पाणी, पडदा धड दिसेना... नाव बदललं, आणि बाई-पुरुष बदलायचं विसरलो! डॉक्टरबाईंचा फोन, "अहो, तुमचे वडील अजून बाईच आहेत!" पुन्हा कमांड. एका ओळीचं काम म्हणे!

मग बाबांना नेलं. या वेळी नीट कपडे उतरवून फोटो काढला... आणि ठिपका गायब! छाती आरशासारखी लख्ख! गेला कुठं? खुंटीवर बाबांची आतली बंडी. तिला चोरखिसा, त्याला हे एवढं जाड बटण! आदल्या दिवशी आईच्या आधी धावायच्या घाईत बंडी काढलीच नव्हती त्यांनी. खिसा कोणी लावला होता? आईनं. पाकीट पडतं ना त्यांचं सारखं.

बाहेर बाकावर आईला सांगितलं, तर आधी ढसाढसा रडली, मग डोळे पुसत म्हणते, "तरी मी म्हणत होते, माझ्या नावावर राहू दे! बटण शिवलं कोणी?"

"पण छाती कोणाची?" बाबा.

भांडतायत, आणि हात हातात! आता तुम्हीच सांगा, त्या चिठ्ठीत नावाला जागा एकच. दोघांचं मिळून एक नाव घालायची कमांड अजून कोणी काढलेली नाही हो. पण हे दोघं ऐकतील तर ना! एका सुरात मलाच म्हणतात, "बघ की रे... एका ओळीचं तर काम आहे!"