एका शनिवारचे दोन उपास

मी शनिवार किती कडक धरतो ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या चिंचोळीच्या कारखान्यानं मला टोकियोहून लॉस एंजेलिसला पाठवलं, ते नेमकं शनिवारी. दिवस पाण्यावर काढला. संध्याकाळी विमान सुटलं, बाहेर अंधार पडला, तसं मारुतीचं नाव घेतलं आणि पुढ्यात आलेला भात चाटूनपुसून खाल्ला.

उतरलो तर लख्ख ऊन. फोनवर बघतो तर शनिवार सकाळ! घाबरून भवानी पेठेत आईला फोन लावला.

“आई, पोचलो. पण हितं अजून शनिवारची सकाळच हाय, आन् मी उपास सोडून बसलोय.”

“शनिवारी सकाळीच जेवलास व्हय रं?”

“अगं, जेवलो तवा रात्र होती!”

“मग उजाडल्यावर रविवार नको व्हय? त्यो कुटं गेला?”

“मधी समुद्रावर तारीख मागं जाती.”

आई म्हणाली, “किती लांब हाय रं ते?”

“नऊ हजार किलोमीटर. दहा तास लागले.”

“एवढ्या लांब गेलास, आन् तुला शनिवारातनं बाहेर पडता आलं न्हाय?”

मी फोन ठेवला. विमानतळावर न्यायला आलेल्या माणसानं गरम नाष्टा पुढं केला. मी हात जोडले आणि म्हटलं, “माफ करा, आज माझा दुसरा शनिवार आहे.”