स्वभावाने गरीब मासे

...आणि वर पुन्हा म्हणायचं काय, तर "स्वभावाने गरीब आहे हो!" तुम्हाला सांगते, आमच्या घरात ज्याच्याविषयी म्हणून हे वाक्य उच्चारलं गेलं, त्याने कुणाला तरी कुरतडलंय, नाहीतर सरळ गिळलंय! अपवाद फक्त माझा. तोही नाताळापर्यंतच.

हो, माझ्याविषयीही म्हणाल्या होत्या ना सासूबाई. लग्नाच्या जेवणात, बदकाच्या तंगडीवर सुरी चालवता चालवता, पार शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल अशा आवाजात: "ब्लांका ना? स्वभावाने गरीब आहे हो पोर!" झालं! एकदा का हा शिक्का बसला, की माणसाने साधं मीठ मागायचीही पंचाईत. मी ते बदक अळणीच खाल्लं.

माहेरून मी आणलं काय, तर पिसांची रजई आणि माझे नीऑन. नीऑन म्हणजे बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल, आणि सगळे एकदम वळतात, कुणी शिट्टी मारल्यासारखे. माझे वडील न बोलणारे आणि मीही न बोलणारी, तेव्हा संध्याकाळी आम्ही दोघं त्या माशांपुढे बसून... न बोलता बसायचो. आता कुणी ढोल वाजवून माहेर आणतं, मी बरणीतून आणलं, एवढाच फरक.

सासऱ्यांनी लग्नाची भेट म्हणून फिशटँक दिला. केवढा? आमच्या खोलीतलं कपाट बाहेर गेलं तेव्हा तो आत आला! माझे हिवाळी कोट अजून सहाव्या मजल्याच्या जिन्यात टांगलेत. नीऑन आत सोडले, तर चौकात वाटाणे सांडल्यासारखे दिसायला लागले. सासरे कमरेवर हात ठेवून म्हणतात, "छे छे! एवढ्या मोठ्या टाकीत एवढीशीच वस्ती? शेजार हवा गं, शेजार!" आणि कोट चढवून गेलेसुद्धा, आमच्या प्रेरोव गावच्या स्टेशनमागे ह्रुश्का म्हणून मासेवाला आहे त्याच्याकडे. येताना एंजल मासे घेऊन आले. चंद्रकोरीसारखे अंग, खालीवर लांब लांब झालरी, चाल अशी की जणू नाटकगृहाच्या जिन्यावरून उतरतायत. "ह्रुश्का म्हणाला, स्वभावाने गरीब आहेत!"

गरीब? अहो, ते एंजल माझ्या नीऑनकडे असे बघायचे, जसा बिअर पिणारा माणूस बशीतल्या शेंगदाण्यांकडे बघतो! तोंडाने गप्पा दुसऱ्याशीच, आणि हात बशीत.

आता मी का नाही बोलले? कसं बोलणार? स्वभावाने गरीब ना मी! त्यात ल्युबोर, म्हणजे आमचे यजमान, त्यांना वाटलं आपणही काही आणावं, संसाराला हातभार. ते टायगर बार्ब घेऊन आले. पट्ट्यापट्ट्यांचे, उनाड. त्यांनी दुपारपर्यंत एंजलच्या झालरी अशा कुरतडल्या, की उंदरांनी पडदे खाल्लेत असं वाटावं. मी ल्युबोरकडे नुसतं बघितलं. ते म्हणाले, "खेळतायत गं. ह्रुश्का म्हणाला..." राहू दे, म्हटलं. मनात म्हटलं.

आणि एका सकाळी नीऑन कमी दिसले. सासरे म्हणाले, "लाजाळू असतील, पानामागे बसले असतील." मी पानामागे बघितलं. मग एंजलच्या पोटाकडे बघितलं. मग म्हटलं, "हं."

तेवढ्यात डिसेंबर आला आणि चौकात जिवंत कार्प मासे विकणारे हौद लागले; आमच्याकडे नाताळला तळलेला कार्पच लागतो. सासऱ्यांनी नाताळच्या जेवणासाठी चांगला हातभर लांबीचा कार्प आणला, जिवंत, पिशवीत फडफडणारा, आणि सोडला बाथटबमध्ये. चिखलाचा वास जायला हवा ना. तेव्हा तोपर्यंत टबात मासा आणि माणसं बेसिनपाशी ओला फडका घेऊन, यात कुणालाच काही वाटत नाही. पण सासरे दाढी करतात कुठे? टबाशेजारी! आणि दाढी करताना गप्प बसतात का? "काय म्हणतोस? आज गुडघा दुखतोय बघ. तुला बरं आहे, तुला गुडघाच नाही..." चार दाढ्या झाल्या नाहीत तोवर त्याचं नाव ओल्दरिख पडलं. आता नाव ठेवलेल्या माणसाला पीठ लावून तळतं का कुणी?

चोवीस तारखेच्या सकाळी सासरे लाकडी हातोडा घेऊन आत गेले आणि तसेच बाहेर आले. सासूबाई खांद्यावर टॉवेल टाकून दारात. "अहो, महिनाभर बिस्किटं भाजतेय मी, माझ्या अंगाला लोण्याचा आणि व्हॅनिलाचा वास येतोय! आज मी त्या टबात बसणार. एक तर तो, नाहीतर मी!"

सासरे विचारात पडले. चक्क विचारात पडले हो! आणि मग चेहरा उजळला. "तासाभरापुरता ब्लांकाच्या टाकीत ठेवू की! स्वभावाने गरीब आहे तो!"

बादली आली. बादलीतून ओल्दरिखचं तोंड वर आलं. काय ते तोंड! सैल इलास्टिकच्या मोज्यासारखं, उघडतंय, मिटतंय, उघडतंय... आणि माझ्या मागे काचेत माझं उरलेलं माहेर, सगळं एकदम वळत होतं.

"बाबा, बादली खाली ठेवा."

कोण बोललं म्हणून मीच आधी मागे बघितलं! आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना, "जे तोंडात मावतं त्याला शेजारी म्हणत नाहीत बाबा, त्याला जेवण म्हणतात, माझे वडील आयुष्यात मोजून चार वाक्यं बोलले त्यातलं हे एक, आणि एंजल परत जाणार, बार्बही परत जाणार, ह्रुश्काला सांगा स्वभाव नका विचारू, तोंड दाखवा म्हणावं, आणि लग्नातलं ते बदक अळणी होतं, आणि माझे कोट जिन्यात गारठलेत!"

ल्युबोरच्या हातातला बटाट्याच्या सॅलडचा चमचा पातेल्यात बुडाला.

"ल्युबोर," सासूबाई हळूच म्हणाल्या, "ही बोलते?"

"मलाही आत्ताच कळलं, आई."

ओल्दरिख गेला परत टबात. रात्री आम्ही फ्रीजरमधली पोर्कची कटलेटं तळून खाल्ली, आणि काय सांगू, मीठ मी मागायच्या आधी तीन बाजूंनी पुढे आलं. सण संपल्यावर एंजल आणि बार्ब ह्रुश्काकडे परत गेले. आता टाकीत नीऑन, आणि तळाशी रेतीत नाक खुपसून चरणारे मिशाळ मासे. मी एकेकाचं तोंड भिंगातून बघून आणलेत. कोट अजून जिन्यातच आहेत, सगळंच एकदम कुठे मिळतं?

आणि ओल्दरिख? आहे ना. त्याला सोडायचं ते तळं गोठलंय, म्हणे ईस्टरला सोडू. सासूबाई आंघोळीला बहिणीकडे जातात. मी टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात जाते, सासरे गालाला साबण लावून म्हणतात, "राहू दे गं ब्लांका, स्वभावाने गरीब आहे तो..." ओल्दरिख तोंड उघडतो, मिटतो. मी मुकाट्याने स्वयंपाकघरात जाते आणि भांड्यांच्या सिंकमध्ये डोकं घालून केस धुते. काय करणार? नियम मीच सांगितलाय. आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात तो मावला नाही... म्हणजे शेजारीच की हो!