भिंतीला टांगलेल्या गाद्या

अनसूया : ...अन् माझ्या गाद्या! नवा कापूस भरून घेतलेल्या. तुझ्या बायकोनं पार शहराच्या टोकाला, रांझीला नेऊन त्या गौरांगच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना टांगल्या. विचारणं नाही, सांगणं नाही.

अतुल : मीच नेल्या, आई. आवाज घुमतो ना तिथे.

अनसूया : तू तर हमालच तिचा. पण मी म्हणते, विनता बोलून काहून नाही राहिली? दसऱ्यापासून तोंडाला कुलूप. आधी चहा झाला की खालून हाक मारायची, "आईऽ, चहाऽ!" आपला अर्धा दीक्षितपुरा मोहल्ला जागा व्हायचा. आता कप ठेवते, मान हलवते अन् चालली. सासूसमोर मुकी!

अतुल : आवाज जपून राहिली. अल्बम पुरा होईपर्यंत.

अनसूया : गाण्यापुरता आवाज आहे, माझ्यापुरता नाही. चलो, ठीक. मीही बोलणं टाकलं. बघू कोण आधी हरते. अन् गाणं तरी कसलं? जॅझ म्हणे! वरातीतला भोंगा घ्यायचा, त्यावर मराठीत कण्हायचं...

अतुल : आई, बस. सोमवारी नागपूरला तिचं ऑपरेशन आहे. गळ्याचं.

अनसूया : गाठी आल्या का?

अतुल : कॅन्सर आहे. स्वरयंत्रच काढणार. मग आवाज नाही.

अनसूया : नाही म्हणजे? महिनाभर?

अतुल : नाही म्हणजे नाही, आई.

अनसूया : अन् मला आज सांगून राहिला?

अतुल : तिनंच नको म्हटलं. तू रडली असतीस, गल्ली गोळा केली असतीस. तिला गायचं होतं. एकच गाणं उरलंय. आज आहे.

अनसूया : माझी चप्पल कुठे आहे?

(रांझी. गौरांगच्या घराची वरची खोली. भिंतींना गाद्या. वाजवणारे गोल बसलेले, मधोमध विनता.)

गौरांग : नमस्ते, आजी जी. इथे बसा. आमच्यात सगळे एकदमच वाजवतात, त्यामुळे खोकलासुद्धा रेकॉर्डिंगमध्ये जातो. गाणं संपलं तरी मी हात खाली करेपर्यंत बोलायचं नाही, हां.

अनसूया : माझ्याच गादीला टेकून मीच चूप! थांब रे जरा. विनता, इकडे बघ. एकदा "आई" म्हण. मग गा काय गायचं ते.

गौरांग : आजी जी, दीदी इशारा करून राहिली. गाण्यानंतर म्हणते.

अनसूया : अच्छा. नंतर.

गौरांग : चलो सब. रेडी? शांत.

...

(गाणं संपतं. गौरांग हात खाली करतो.)

गौरांग : हां, बस. दीदी, आखरी लाइनमध्ये आवाज फाटला. एक बार और? ...दीदी?

अतुल : विनता, पाणी घे. हळू. पुन्हा बघ.

(विनता घोटभर पाणी पिऊन गायला तोंड उघडते.)

अतुल : नुसती हवा येऊन राहिली, गौरांग.

गौरांग : थोडं थांबू या. अर्धा घंटा.

अतुल : ती मानेनं नाही म्हणते. संपलं.

गौरांग : तो फिर हेच ठेवतो, दीदी. फाटलेलं. ठेवू? ...ठीक. आजी जी, कसं वाटलं तुम्हाला?

अतुल : आई, चांगलं म्हण.

अनसूया : काहून? आज खोटं बोलू तिच्याशी? ऐक, विनता. गाणं मला नाही आवडलं. चहाला हाक मारायचीस ना, ती चांगली होती.