जांभळ्या काड्या

(घराची गॅलरी. बादलीत ओले कपडे, दोरीवर चिमटे. नवरा आणि बायको.)

ती: चिमटा दे. आणि खात्री आहे का, खात्री आहे का, असं परत परत विचारू नको. लॅबमध्ये तीनदा रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितली काच.

तो: अगं पण परवा तूच म्हणालीस गुलाबी. भातात गुलाबी काड्या दिसतात म्हणालीस. तुझ्या साहेबांनी तसंच कॉलेजला कळवलं. आता अख्ख्या होस्टेलला पाठ झालंय ते.

ती: परवाची काच चुकली होती.

तो: कोणाची?

ती: माझी. काड्या जांभळ्या आहेत.

तो: बरं, जांभळ्या. जांभळ्या काय नि गुलाबी काय. शेवटी जंतू ते जंतूच.

ती: नाटक करू नको. लग्न झाल्यापासून रोज जेवताना ऐकतोयस.

तो: ऐकतो कुठे? हूं हूं करतो. लक्ष भाजीकडे असतं.

ती: मग आज नीट ऐक. जांभळे गोळे असते, द्राक्षाच्या घडासारखे, तर आम्ही म्हटलं असतं, कोणाचं तरी बोट कापलंय नाहीतर कोणीतरी नाक शिंकरलंय. गुलाबी काड्या म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं. संडासातून आलेले हात. तपासायच्या आधीच येतं.

तो: आणि जांभळ्या म्हणजे?

ती: या जांभळ्या काड्यांच्या पोटात एक दाणा असतो. बी म्हण. त्याला वेगळा हिरवा रंग लावावा लागतो. काल लावला. दिसला. ते बी तांदळातूनच येतं, कोणाच्या हातातून यायची गरज नाही. उकळलं तरी मरत नाही. भात लगेच गार करून ठेवला तर झोपून राहतं. पातेल्यात झाकून कोमट ठेवला की उठतं, वाढतं, विष सोडतं. मग तो भात कितीही परता. विष तिथल्या तिथेच.

तो: हळू बोल ना. खालची कपडे काढायला आलीय.

ती: तिला आपल्या भाताचं काय पडलंय?

तो: "आपल्या" म्हणालीस बघ.

ती: बरं, तुझ्या. तुझ्या मेसमधल्या.

तो: तसं लिहिणार आहेस?

ती: मी फक्त काय दिसलं ते लिहिते. नमुन्यावर नंबर असतो, नाव नसतं.

तो: नंबर! त्या नंबरमागे कोणाची मेस आहे ते होस्टेलच्या वॉचमनला पण माहितीये. मुळात नवऱ्याच्या मेसचा भात बायकोने तपासायचाच कशाला?

ती: तेच म्हटलं मी साहेबांना. ते म्हणाले, दुसरी रजेवर आहे, कर तू, नंबरच तर आहे. हातात फाईल होती, मान पण वर केली नाही. मला तेव्हाच हट्ट धरायला हवा होता. ते जाऊ दे. मोठा फ्रीज बंद होता ना तुझा?

तो: कोण म्हणालं?

ती: तूच. गेला आठवडाभर. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो.

तो: रात्रीचा भात उरला होता गं. अर्धं पातेलं. चांगला मोकळा भात, टाकवतो का? झाकून ठेवला. दुपारी कांदा घालून मस्त खरपूस परतला. वाफा येत होत्या. पोरींनी मागून मागून खाल्ला.

ती: आणि संध्याकाळी ओकल्या.

तो: मला काय माहीत होतं?

ती: नव्हतं. तेवढं मान्य. पण मावशींना काढलंस.

तो: मी नाही. होस्टेलच्या कमिटीने सांगितलं.

ती: कमिटीने विचारलं, स्वयंपाकाला कोण असतं. तू बोट दाखवलंस. तू मेस उघडलीस तेव्हापासून त्या तुझ्या गॅसपाशी उभ्या आहेत. तुझ्या टायफॉइडमध्ये दोन महिने मेस त्यांनी चालवली.

तो: माझं काळीज दगडाचं नाहीये. हे प्रकरण थंड झालं की बघतो मी. एक ओळखीचा आहे, पापडाचं काम असतं त्याच्याकडे. लावून देतो.

ती: हात घाण म्हणून काढलेल्या बाईला खायच्या कामाला लावून देणार?

तो: मग धुण्याच्या कामाला. एवढं काय! तिचं एकटीचं पोट आहे. माझ्याकडे अकरा माणसं आहेत. मेस गेली तर अकरा घरं. आणि बारावं हे. ज्याच्या गॅलरीत तू माझाच शर्ट उलटा वाळत घालतेयस.

ती: उलटाच घालतात. रंग उडत नाही.

तो: ऐक माझं. मी तुला खोटं लिही म्हणतोय का? नाही ना? पहिला रिपोर्ट लोक वाचतात, दुसरा कोणी वाचत नाही. तू फक्त दुसरा पाठवू नको. गप्प बस. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही.

ती: गुलाबी काड्यांसाठी आमच्याकडे वेगळी प्लेट असते. आतड्यातले जंतू तिच्यावर हमखास उगवतात. तुझ्या भाताची ती प्लेट कोरी आहे. कोरी करकरीत. आणि अंड्याच्या बलकाची एक असते, तिच्यावर प्रत्येक ठिपक्याभोवती धुरकट कडं आलंय. ते जांभळ्यांचं काम. या दोन्ही प्लेटांचं काय करू?

तो: वापरून झाल्या की काय करता?

ती: उकडून टाकतो.

तो: मग उकड.

ती: काय म्हणालास?

तो: अगं, गंमत केली.

ती: ती एक मुलगी अजून सलाइनवर आहे. तिच्या डॉक्टरांचा फोन येतो, नक्की काय निघालं म्हणून. त्यांना पण गंमत सांगू?

तो: ती होईल बरी. तिचे वडील काल भेटले मला. चांगला माणूस आहे, ओरडला नाही.

ती: ओरडेल कसा? त्याला वाटतंय तू घाणेरड्या बाईला काढलंस.

तो: टॉवेल दे इकडे. पिळलेला नाही नीट.

ती: मशीनमध्येच पिळून निघालाय. एक विचारू? मशीनला काय झालं होतं रे?

तो: कुठल्या मशीनला?

ती: याच. ज्यात हे कपडे धुतले. आज आवाज कुठे आला?

तो: येतो कधी कधी. पट्टा ढिला असेल.

ती: परवा तू मला कामावर फोन केलास. तू कधी करत नाहीस. म्हणालास, मशीन घरघर करतंय.

तो: करत होतं.

ती: मी म्हटलं, काचेवर आत्ता स्पिरिट घातलंय, ठेव, मग बोलू. बरोबर हेच म्हटलं. तू म्हणालास, एक मिनिट, आवाज तर ऐक. आणि फोन मशीनला लावून ठेवलास. मी पण मूर्ख, ऐकत बसले. म्हटलं, बिचारा घाबरलाय, पोरी आजारी पडल्यात, याला मशीनचं सुचतंय म्हणजे डोकं ठिकाणावर नाही.

तो: तू आता काहीतरी भलतंच जोडतेयस.

ती: ती नवीन शिकाऊ पोरगी आली होती आमच्याकडे, आठवते? काचेवर स्पिरिट घालून मैत्रिणीशी गप्पा मारत बसली, सगळा जांभळा रंग धुऊन गेला, मग वरून लावलेला गुलाबी धरला. साहेबांना जाऊन सांगितलं, गुलाबी. मी तुला इथे हसत हसत सांगितलं होतं. तू आठवडाभर तिच्या नकला करत होतास.

तो: मी नकला सगळ्यांच्याच करतो.

ती: म्हणजे स्पिरिट जास्त वेळ राहिलं की काय होतं ते तुला माहीत होतं.

तो: माझी बायको डबे विकत असती तर मला डब्यांचं माहीत असतं.

ती: सरळ सांग. मशीन घरघरत होतं?

तो: चिमटे संपले का?

ती: मी फोनवर ऐकलं ते काय होतं?

तो: मिक्सर.

ती: मिक्सर.

तो: मिक्सर लावला होता. अगं, मला तरी कुठे खात्री होती? मला वाटलं, उगाच. होईल न होईल. तू म्हणालीस स्पिरिट घातलंय, मला ती शिकाऊ आठवली, म्हटलं, बघू. मी काही ठरवून नाही केलं.

ती: मिक्सर शोधून, पिन लावून, चालू केलास. रिकामा?

तो: रिकामा.

ती: फोन कुठाय माझा?

तो: कोणाला लावतेयस? साहेबांना? आज सुट्टी आहे त्यांची.

ती: साहेबांना उद्या. हातात कागद देऊन.

तो: मग आत्ता कोणाला? ए. ठेव तो. आपण बसून बोलू. चहा टाकतो मी. हे बघ, मावशींना सांगितलंस की संपलं, मग मागे येता येणार नाही.

ती: म्हणूनच लावतेय. ... हॅलो, मावशी? मी बोलतेय. लॅबमधली. तुमच्या मालकांची बायको.

मावशी: (फोनवर) ओळखला आवाज. बोला. आज कशी आठवण आली घाणेरड्या हातांची?

ती: मावशी, माझी चूक झाली. जे निघालं ते हातातून येणारं नव्हतंच. भातातलं होतं. उरलेल्या भातातलं. उद्या तसं लिहून देतेय मी.

मावशी: बरं.

ती: तुमचा काही दोष नव्हता.

मावशी: हे तुम्ही मला सांगताय? मला माहीत होतं की ताई. माझे हात मीच धुते.

ती: हो.

मावशी: माझ्या सुनेला सांगा. काल नातीला भरवायला बसले, वरणभात कालवला. सून हसतच आली. म्हणाली, आई, चमच्याने भरवा हं. पोरगी माझ्या हातून खाते, चमच्याला तोंड फिरवते. मग तिनेच घेतलं ताट. काही बोलली नाही हो. वाईट नाहीये ती. ताट घेतलं फक्त.

ती: मी येते घरी. सुनेला समजावते.

मावशी: काय समजावाल? कसले ते जंतू, रंग? तिला एवढंच कळतं की मालकांनी काढलं. मालक आहेत का तिथे?

तो: नाही म्हण.

ती: आहेत. स्पीकरवर टाकलाय मी. ऐकतायत.

मावशी: मालक, मी तुम्हाला शिव्या नाही देणार. भात उरला तेव्हा मी पण तिथेच होते, मी पण झाकण ठेवलं त्याच्यावर. पण तुम्ही मला हॉलमध्ये बोलावलंत. पोरी बसल्या होत्या, होस्टेलच्या मॅडम उभ्या होत्या. म्हणालात, मावशी, हात पुढे करा. मी केले. तुम्ही एकेक बोट धरून नखं बघितलीत. ट्यूबखाली नेऊन बघितलीत. मग काही न बोलता मॅडमकडे बघून मान हलवलीत.

तो: मावशी, त्या वेळी तिथे सगळे...

मावशी: एवढंच विचारते. दिसली होती घाण?

ती: बोल की.

तो: नव्हती.

मावशी: काय म्हणाले हो ताई?

ती: मोठ्याने बोल. त्यांना ऐकू नाही गेलं.