थंडीचा थर्मोस्टॅट

...नाही, पण मी काय म्हणतो, तो गाडीच्या गरमीचा काटा मधोमध राहिला असता तर त्याच्या बापाचं काय जात होतं? पोरीच्या लग्नाचा दिवस, मावनेल्लाहून कँडीला जायचंय, मध्ये कडुगन्नावाचा घाट, पोरुव्यावर, म्हणजे लग्नाच्या चौथऱ्यावर, पाऊल ठेवायचा मुहूर्त दहा बेचाळीसचा, आणि आमच्यात त्रेचाळीसला पोचलेली नवरी म्हणजे न पोचलेलीच... आणि काटा? काटा वर.

तुम्हाला सांगतो, गाडी माझी जुनी आहे, वाईट नाही. वडिलांनी घेतलेली, पांढरीशुभ्र, घरात सगळे तिला सुदू नोना म्हणतात, म्हणजे गोरी मडम. तापायची, कबूल. गॅरेजवाला पियसेन म्हणाला, थर्मोस्टॅट अडकलाय, काढून फेकून देतो, आपल्या लंकेत तो हवाय कुणाला? मी म्हटलं, अरे जन्मजात अवयव आहे तिचा, फेकतोस काय? लावला इंग्लंडला फोन. तिथं मेहुणा, गुणतिलक. तो म्हणतो, "भाऊजी, दोन मिळतात, एक उन्हाळ्याचा, एक थंडीचा. कुठला पाठवू?" आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय म्हणाला असता? आमची ही, सीलावती, मागून म्हणाली, "उन्हाळा इथे काय कमी पडलाय, तो आणखी विलायतेहून मागवताय? थंडीचा मागवा." अख्ख्या घराला पटलं. मला पटलं हो, मागवला, बसवला! जन्मात थंडी पाहिली नाही, थंडीचा म्हणजे थंड ठेवणारा, दुसरं काय वाटणार? ती मेली झडप असते, पाणी तापलं की उघडणारी, आणि थंडीची झडप मुद्दाम उशिरा उघडते, गोऱ्यांच्या इंजिनाला ऊब हवी म्हणून! हे आम्हाला कळलं कधी? घाटात.

त्याआधी निघताना पाल चुकचुकली. झालं! सीलावती उंबऱ्यातच थांबली, नवरीला, आमच्या इरोमीला, हाताला धरून मागे आणलं, पाणी पाजलं, पुन्हा बाहेर काढलं. हाताशी राखलेला वेळ तिथंच गेला. मी हसलो. घाटाखालच्या देवळात नाणं टाकायला थांबलो, सीलावतीने टाकलं, गुणतिलकने टाकलं, तो लग्नासाठी आला होता ना, माझ्या शेजारी बसलेला, आणि मी गाडीकडे बघून गुपचूप आणखी एक टाकलं... काटा वर.

पहिलं वळण, काटा वर. दुसरं वळण, पुढे टँकर, बैलाच्या चालीने, काटा आणखी वर. काचा बंद, कारण टँकरच्या धुराने नवरीची पांढरी साडी काळी होईल. पुढून सूं सूं असा आवाज... तुम्ही कधी किटली उकळायच्या आधीचा आवाज ऐकलाय? तसा. थांबावं तर मुहूर्त जातो, न थांबावं तर इंजिन जातं. मी आरशात बघितलं. इरोमी गळाभर हार घालून ताठ बसलेली, माझ्या खांद्यावरून काट्याकडे बघत होती. गाडीची नाही हो, मला त्या नजरेची भीती वाटत होती.

गुणतिलक हळूच म्हणाला, "भाऊजी, हिटर लावा."

"काय लावू?"

"हिटर. इंजिनातली गरमी आत ओढून घ्यायची."

"आत म्हणजे कुठं?"

"आपल्यावर."

लावला. एप्रिल महिना, काचा बंद, अंगावर पाच किलो साडी-हार चढवलेली नवरी, आणि हिटर पूर्ण! एवढ्या वर्षांत एकदा लावला नव्हता, त्यातून पहिल्यांदा धूळ आली, मग वाळलेली पाल आली. सीलावतीने ती पाहिली आणि डोळेच मिटून घेतले. आणि काटा... काटा थांबला. मग केसभर खाली. आम्ही चौघं शिजत होतो आणि गोरी मडम गार पडत होती!

पोचलो. हॉलच्या दारात ढोल सुरू झाले होते, मुहूर्त हातात होता. मी मागचं दार उघडलं आणि पोरीकडे बघितलं. काजळ हनुवटीपर्यंत आलेलं, पावडरीचे ओघळ गळ्यातल्या हारांवर. म्हटलं, संपलं. आता वरमाई काय बोलेल? तर वरमाई पुढे आली, इरोमीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि स्वतःच रडायला लागली. "किती रडलीस गं पोरी! बापावर एवढा जीव?"

मी रुमाल काढून डोळे टिपले. गुणतिलकनेही टिपले. इरोमीने माझाच रुमाल ओढून डोळ्यांना लावला, बापावर गेलीय.

आता त्या क्षणाचा फोटो तिच्या सासरी बैठकीत लावलाय, हा एवढा. येणारा जाणारा बघतो, माझ्या पाठीवरून हात फिरवतो. परवा न राहवून मी तिला बाजूला घेतलं, म्हटलं, खरं सांग, त्यात एखादा तरी थेंब माझ्यासाठी होता का?

तिने विचार केला. म्हणाली, "काय माहीत, तात्ता. सगळंच खारट लागत होतं."

घ्या! सव्वीस वर्षं बाप म्हणून राबलो, आणि शेवटी वाटणी हिटरबरोबर.